आईचं मनगट आणि स्लाइडवरचे काळे ठिपके

मार्चमध्ये आई न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. वय ७१, सहा आठवडे प्लास्टर. "या वयात कुठलं हाड जुळतंय गं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हाडाच्या स्लाइडवर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं आणि त्यांत कोळ्यासारखे काळे ठिपके दिसतात. मुलं वहीत लिहितात, 'ऑस्टिओसाइट', म्हणजे हाडातली पेशी. पण घासून पातळ केलेल्या त्या सुक्या हाडात पेशी उरलेली नसते. दिसतात ती तिची रिकामी घरं, आत हवा शिरल्यामुळे काळी. हे मी दरवर्षी आवर्जून सांगते, कारण त्या स्लाइडमुळेच मुलांना हाड मेलेलं वाटतं.

जिवंत हाडात त्या घरांत पेशी वर्षानुवर्षं राहतात, बारीक नळ्यांतून एकमेकींचे हात धरून. हाडावरचा ताण त्या ओळखतात आणि कुठं बांधायचं, कुठं काढायचं याचा निरोप धाडतात. बांधणाऱ्या त्या ऑस्टिओब्लास्ट. त्या आधी कोलॅजेनची जाळी विणतात, मग तिच्यात कॅल्शियम-फॉस्फेट बसतं. विणता विणता काही जणी आतच अडकतात, त्याच पुढं ऑस्टिओसाइट होतात. काढणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या. आकारानं मोठ्या, एकीत अनेक केंद्रकं. हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि तेवढी जागा विरघळवतात.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि काढणं बांधण्याच्या पुढं जातं. आईचं तेच झालं होतं. आता आठवड्यातून एक गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाचं तिला फार लागलं. गोळी त्या काढणाऱ्या पेशींना आवरते, असं मी सांगितलं.

"मग मारूनच टाका की मेल्यांना."

"अगं, नको. मोडल्या जागी आधी ओबडधोबड हाड धरतं. ते तासून नीट कोण करणार? त्याच."

ती मनगटावरचा उंचवटा अंगठ्यानं चाचपत राहिली.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाताला हळूहळू काम द्यायला सांगितलं. काल तिनं पहिल्यांदा परात पुढं ओढली. एक भाकरी थापली, थोडी थांबली, मनगट फिरवून पाहिलं आणि दुसरीचं पीठ मळायला घेतलं.