हडळीला पोटभर जेवू द्या

हल्ली हडळीचं मीम किंवा रील दिसलं की मी पुढे जाऊच शकत नाही, म्हंजे त्या घाबरवणाऱ्या नाही, खादाड हडळी. शेवटच्या कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात मोकळे केस, उलटे पाय, आणि बाई चढलीय कशासाठी तर कुणाच्या तरी पिशवीतून तळलेल्या सुरमईचा वास आला म्हणून. एकीत तर तिठ्यावर ठेवलेल्या उताऱ्यातला दहीभात खाऊन ती मांत्रिकालाच झापते, मीठ कुठाय, लोणचं कुठाय. ते मी घरात सगळ्यांना दाखवलं.

खाणाऱ्या चेटकिणी जुन्याच आहेत. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात हान्सेल-ग्रेटेलवाल्या म्हातारीचं घर पावाचं, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या, आणि एवढं असून तिला खायचंय पोर. त्यापेक्षा मला रशियाची बाबा यागा आवडते, वासिलिसाच्या गोष्टीत तिच्यासाठी दहा जणांना पुरेल एवढं जेवण असतं आणि ती एकटी बसून चापते.

पण आपली हडळ वेगळी आहे यार. आज्जी सांगायची त्या गोष्टींमधली हडळ म्हणा, अळवंतीण म्हणा, बहुतेक वेळा पोटुशी असताना नाहीतर बाळंतपणात गेलेली बाई, म्हणजे जिचे डोहाळेसुद्धा धड पुरवले गेले नाहीत ती. दहाव्याला कावळा शिवेना की आपण तिला काय आवडायचं ते आठवून आठवून पानात वाढतो, भजी ठेव, चहा ठेव, आणि जिवंत होती तेव्हा सगळ्यांची पंगत उठल्यावर टोपात राहिलेला रस्सा आणि करपलेली भाकरी. तिची भूक राहिली आणि आपण तिलाच घाबरलो! म्हणून ती वडापावच्या गाडीवर उभी राहून "भाऊ, सुकी चटणी अजून टाक" म्हणते ना, तेव्हा मला हसू तर येतंच पण बरंही वाटतं, खूप बरं वाटतं.

फक्त खऱ्या बाईचा फोटो लावून खाली चेटकीण लिहिणं मला अजिबात चालत नाही, मग ती शेजारीण असो नाहीतर सासू. नंदुरबारकडे बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशाच गोष्टींसाठी. असं काही फॉरवर्ड आलं तर मी सरळ रिपोर्ट करते, तुम्हीपण करा.

आणि कुणाला चित्र काढता येत असेल तर प्लीज हडळीचं डोहाळजेवण काढा. हिरवी साडी, फुलांची वाडी, ताटात बोंबील फ्राय, कोलंबीभात, पुरणपोळीवर तूप, कैरी तर हवीच, आणि आजूबाजूच्या बायका तिला अजून घे अजून घे करतायत. काढलंत तर मला टॅग करा.