फारसीचं बक्षीस

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात मी फंडाच्या टेबलावर आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका विद्यार्थिनीचा विषय येणार आहे. फंडाचं टेबल म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, कायम ठेवी, त्यांची व्याजं, बक्षिसं, शिष्यवृत्त्या आणि मार्चअखेरीला ऑडिटरची बोलणी. बाहेरच्यांना वाटतं, शंभर वर्षांहून जुनं कॉलेज, एवढे मोठमोठे माजी विद्यार्थी, यांना पैशाला काय तोटा! पैसा आहेच हो. तो कशावर खर्च करता येतो, तिथे घोडं अडतं.

ऑगस्टमधली गोष्ट. बक्षीस समारंभाच्या याद्या चालू होत्या. अकराच्या सुमाराला शिपाईमामा एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आले. साठच्या दशकातले आमचे बी.एस्सी.; नंतर कायदा केला, आयुष्यभर दिवाणी वकिली केली. पाच लाखांचा चेक आधीच लिहून आणलेला. टी.वाय.ला केमिस्ट्रीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला दिवंगत पत्नीच्या नावे सुवर्णपदक द्यायचं, एवढीच इच्छा. त्या दोघांची ओळख इथल्याच प्रयोगशाळेत झालेली. हे त्यांनी सांगितलं नाही, मामांनी नंतर सांगितलं. मामांना सगळ्या बॅचेसचं सगळं ठाऊक असतं.

मी नेहमीप्रमाणे हिशोब मांडला. पाच लाख कॉर्पसला, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. राष्ट्रीयीकृत बँकेत साडेसहा टक्के धरले तर वर्षाला साडेबत्तीस हजार. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर. म्हणजे व्याजात जेमतेम पाव तोळा.

"म्हणजे तुमची सुवर्णपदकं सोन्याची नसतातच?"

"चांदीवर मुलामा असतो, सर."

"तरीच! माझ्या भावाला मिळालेलं मोडायला नेलं तेव्हा सराफ हसला होता."

मग पावतीचं विचारलं. मी म्हटलं, ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, प्रमाणपत्र मिळेल, पण तुम्ही नव्या कर प्रणालीत असाल तर त्याचा वजावटीला उपयोग नाही. ते म्हणाले, वजावटीसाठी आलो असतो तर मार्चमध्ये आलो असतो. माणूस आवडला मला.

देणगीपत्राचा मसुदा त्यांना स्वतःच करायचा होता. वकील म्हटल्यावर ते आलंच. "जुन्या देणग्यांची पत्रं कशी आहेत, एखादा नमुना दाखवता का?" म्हणून मी कपाटाच्या खालच्या खणातून लाल कापडात बांधलेली वही काढली. एन्डाउमेंट रजिस्टर. हातभर लांब, कडा वाळवीने कुरतडलेल्या, पण आतली काळी शाई अजून टवटवीत. एका पानावर एक निधी: वर देणगीदाराचं नाव, खाली रक्कम, मग अटी, आणि उजवीकडे वर्षावर्षाच्या व्याजाच्या नोंदी, प्रत्येकीसमोर कुणा ना कुणा लेखनिकाची आद्याक्षरं.

त्यांनी उघडलं ते पान १९१३ सालचं. एका माजी विद्यार्थ्याने दोन हजार रुपये दिलेले, साडेतीन टक्क्यांच्या सरकारी प्रॉमिसरी नोटांमध्ये. वर्षाचं व्याज सत्तर रुपये. फारसी हा विषय घेऊन बी.ए.ला कॉलेजात पहिला येईल त्याला ते बक्षीस.

आज सत्तर रुपये म्हटलं की हसू येतं, म्हणून मी त्यांना सांगितलं की गोखल्यांच्या वेळी फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनी, वीस वर्षं सेवा करायची आणि पगार घ्यायचा महिना पंचाहत्तर रुपये, असा शिरस्ता होता. म्हणजे हे बक्षीस गोपाळराव गोखल्यांच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास. ज्या मुलाला ते मिळायचं त्याचं पुढचं निम्मं वर्ष निघत असणार.

तेव्हा संस्कृत नाहीतर फारसी असा पर्याय असायचा, आणि फारसी घेणारी पोरं पुष्कळ. पुढे ती कमी होत गेली. रजिस्टरमध्ये ते दिसतं: आधी दरवर्षी नाव, मग एक वर्षाआड, मग ‘उमेदवार नाही’, ‘उमेदवार नाही’, आणि शेवटी नुसत्या आडव्या रेघा. विभाग बंद झाला. प्रॉमिसरी नोटांच्या जागी बँकेची ठेव आली. व्याज कुणी घेईना, म्हणून ते मुद्दलात जात राहिलं. आज त्या ठेवीत लाखाच्या वर रक्कम आहे. दर वर्षी मी पावतीचं नूतनीकरण करते, ऑडिटर टिकमार्क करतो, आणि वही परत कापडात.

"लाखभर रुपये आणि घ्यायला माणूस नाही," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना त्यात गंमत वाटत होती.

तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. एस.वाय.ची, जिंतूरकडची. तिला मी ओळखत होते, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जूनपासून खेपा घालत होती.

"मॅडम, लायब्ररीचं डिपॉझिट आत्ता परत मिळतं का?"

"कॉलेज सोडताना मिळतं गं. का?"

"मी सगळी पुस्तकं जमा केली तर? मग तर द्यायला काही हरकत नसेल ना?"

लायब्ररीचं डिपॉझिट म्हणजे काही शे रुपये. वर्षाच्या मध्यात ते कुणी मागायला येत नाही. इतकी वर्षं या टेबलावर बसून एक कळतं: मुलं पैसे नाहीत असं सांगत नाहीत, ती असलं काहीतरी विचारतात. मी तिला खुर्ची दिली. हळूहळू निघालं ते असं. सोयाबीन पाण्याखाली गेलं, घरून दोन महिने पैसे आले नाहीत. कॉट बेसिसचं भाडं मैत्रिणीने भरलं. रात्रीची मेस तिने बंद केली होती आणि दुपारच्या मेसला आठवड्यातून दोन-तीन खाडे टाकत होती, म्हणजे तेवढ्या जेवणांचे पैसे वाचवत होती. सलग सुट्टी असेल तरच खाडा धरतो असं मेसवाल्या काकूंनी बजावल्यावर तीही सोय गेली.

"तुझी शिष्यवृत्ती मंजूर झालीय ना?"

"झालीय. पैसे यायचेत."

सरकारी शिष्यवृत्ती येते, नाही असं नाही. पण ती यायची तेव्हा येते, आणि मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ द्यावे लागतात. जुन्या लोकांना हे आमच्यापेक्षा नीट कळत होतं. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना शिष्यवृत्ती दिली ती दरमहा पंचवीस रुपयांची. दरमहा. पदकाच्या डबीत घालून वर्षाच्या शेवटी नव्हे.

वकीलसाहेब इतका वेळ गप्प होते. त्यांनी तिला एकच विचारलं, "विषय कोणता, बाळ?"

"बॉटनी."

"अच्छा," असं म्हणून ते पुन्हा रजिस्टरात बघायला लागले. पदक केमिस्ट्रीचं होतं.

तिला मी अर्ज लिहायला बाहेर बसवलं. अर्ज कशासाठी, ते सांगते. आमच्याकडे एक विद्यार्थी सहाय्य निधी आहे. नाव भारदस्त असलं तरी त्याचा जन्म एका बॅचच्या स्नेहमेळाव्यात झालाय. जेवणावळीचे पैसे उरले, ते परत कुणाकुणाला वाटत बसणार म्हणून त्यांनी कॉलेजला दिले आणि पत्रात लिहिलं, ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी योग्य वाटेल तसे वापरावेत.’ बस. पुढे बाकीच्या बॅचेसनीही त्यात टाकायला सुरुवात केली. कुणी पाचशे, कुणी हजार, कुणी मुलाच्या लग्नात आहेर नको म्हणून सांगून त्याऐवजी दिले. कॉलेजच्या दर्शनी भागातल्या संगमरवरी पाट्यांवर यातलं एकही नाव नाही. पण चष्मा फुटला, डेंग्यू झाला, आजी वारली म्हणून अचानक गावी जायचं आणि एसटीला पैसे नाहीत, अशा सगळ्या वेळी चेक फाडला जातो तो याच खात्यातून. माझ्या मते कॉलेजातली सगळ्यात कामाची देणगी हीच, आणि हे मी प्राचार्यांसमोरही बोलते.

वकीलसाहेबांना मी हेच म्हटलं. थोडं धीटपणेच म्हटलं: "सर, अट जितकी बारीक, तितकी ती लवकर अडकते. फारसीचं बघितलंत ना."

त्यांनी चष्मा काढला आणि मी कोर्टातली साक्षीदार असल्यासारखं मलाच उलट विचारायला सुरुवात केली.

"डेक्कन कॉलेज कसं वाचलं, माहितेय तुम्हाला?"

मला माहीत होतं, पण पुण्यात वयस्कर माणसाला इतिहास सांगण्यापासून अडवत नाहीत. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. येरवड्याची ती इमारत जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या मदतीने उभी राहिलेली, देणगी शिक्षणासाठी दिलेली, मग सरकारला ती मोडीत काढता कशी येईल, हा त्यांचा मुद्दा. अखेर १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं.

"तर," ते म्हणाले, "देणगीला अट होती म्हणून कॉलेज राहिलं. तुमच्या त्या ‘योग्य वाटेल तसे’वर कोण भांडणार होतं कोर्टात? उद्या तुमच्याच मॅनेजमेंटला प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लावणं योग्य वाटलं तर?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. ग्रॅनाइटची शंका अगदीच हवेतली नव्हती. पण मग आठवलं ते त्यांच्याच डेक्कन कॉलेजचं मूळ.

"सर, पण ते कॉलेज मुळात निघालं कशातून? पेशव्यांच्या दक्षिणेतून. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना द्यायचा पैसा. इंग्रजांनी त्यातला काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. म्हणजे कुणीतरी कधीतरी हेतू बदलला, म्हणूनच तुमच्या माजी विद्यार्थ्यांना भांडायला कॉलेज मिळालं ना?"

ते जोरात हसले. हेड क्लार्क काचेआडून बघायला लागले. मग मामांनी चहा आणला आणि आम्ही दोघांनी मसुदा समोर घेतला. पुढचा पाऊण तास शब्दाशब्दावर खल झाला, आणि कामाचं जे काही झालं ते त्यात झालं.

त्यांचं म्हणणं, अट राहणार, पत्नीचं नाव राहणार, केमिस्ट्री राहणार. मीही ते मान्य केलं. माणसाने कष्टाचे पैसे द्यायचे आणि कशासाठी द्यायचे हे ऑफिसने ठरवायचं, हे बरोबर नाही. पण ते नवीन कलम घालायला तयार झाले. सलग दोन वर्षं पदकाला पात्र विद्यार्थी मिळाला नाही, किंवा विषयच बंद झाला, तर व्याज कोणत्याही शाखेच्या गरजू विद्यार्थ्याच्या जेवणाखाण्यासाठी व निवासासाठी वापरावं. बांधकाम, दुरुस्ती वा समारंभ यांसाठी वापरू नये. ‘बांधकाम, दुरुस्ती वा समारंभ’ हे त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं आणि खाली दोनदा रेघ मारली. दुसरं कलम पदकाबद्दल. पदक मुलाम्याचं करायचं, त्याला खर्च तीन-चार हजार. उरलेलं व्याज पदक मिळवणाऱ्याला एकरकमी न देता पुढच्या वर्षभर दरमहा द्यायचं, तो एम.एस्सी.ला कुठेही गेला तरी. हे माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. बहुधा ते पंचवीस रुपये त्यांच्या डोक्यात राहिले असावेत, पण मी विचारलं नाही.

असं कलम आधीच लिहिलेलं असलं की पुढच्या लोकांचे किती हाल वाचतात, ते फंडाच्या टेबलावर बसल्याशिवाय कळायचं नाही. कारण फारसीसारखा निधी आम्हाला आपल्या मनाने दुसरीकडे वळवता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर कलम ५५ आहे. धर्मादाय आयुक्तांमार्फत कोर्टापर्यंत जाऊन, मूळ हेतूच्या जवळात जवळचा हेतू ठरवून घ्यावा लागतो. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप करायला आजवर कुणी उठलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, अर्ज मी लिहून देतो, फी नको. मी लगेच होकार दिला आणि रजिस्टरच्या त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढून त्यांच्या हातात ठेवल्या, विचार बदलायच्या आत.

त्या मुलीच्या अर्जावर दुपारी वर्गशिक्षकांची सही झाली, तीनला प्राचार्यांची. आम्ही विद्यार्थ्याच्या हातात रक्कम देत नाही, थेट मेसच्या नावे चेक काढतो. मुलं हातातले पैसे घरी पाठवतात, हा अनुभव. तीन महिन्यांची दोन्ही वेळची मेस. व्हाउचरवर सही करताना तिने विचारलं, "हे परत कधी द्यायचे?" परत द्यायचे नसतात म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला वगैरे नाही. ती जरा संशयानेच बघत होती. कुणी दिले, असं विचारलं. एका बॅचच्या जेवणाचे उरलेले आहेत, म्हणून सांगितलं. त्यावर मात्र हसली.

पाच लाखांची ठेव आता झाली आहे. फारसीचा अर्जही तयार होऊन व्यवस्थापन मंडळापुढे गेलाय. जवळचा हेतू म्हणून भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत, असं वकीलसाहेबांनी सुचवलंय. आणि मधेच त्यांचा फोन आला, की आमच्या बॅचचे बरेच जण परदेशात आहेत, त्यांनी सहाय्य निधीत टाकले तर चालतील का? मी सांगितलं, भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या नेहमीच्या खात्यात चालतील. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल, मग मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, तर ती परदेशी देणगी, आणि ती फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, खात्यातच यायला हवी. तेव्हापासून त्यांच्या ग्रुपवर कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे याची यादी चालू आहे. पंचाहत्तरी ओलांडलेले ते सगळे. दोघांनी कळवलंय म्हणे, की बायकोला विचारून सांगतो.