न दिसलेला वाघ

प्राणिसंग्रहालयात कठड्याशी अर्धा तास उभे राहूनही वाघ दिसेना, तेव्हा शेजारचा एक लहान मुलगा वडिलांना म्हणाला, "बाबा, इथे वाघ नाहीच आहे, नुसती पाटी लावली आहे." समोर उंच गवत, बांबूची दोन-तीन बेटे, उतारावरचे मोठाले खडक आणि त्यांच्या सावलीत साठलेले पाणी एवढेच होते; गज, जाळी किंवा कुलूप कुठेच नव्हते. वाकून पाहिले तेव्हा झुडपांआड दडवलेला खोल, रुंद खंदक दिसला.

ही युक्ती रूढ केली ती कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने. १८९६ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ तिच्यावर बेतलेले प्राणिसंग्रहालय उघडले. कोणता प्राणी किती लांब उडी घेतो हे पारखून त्याने खंदकांची मापे ठरवली आणि आवारे एकामागे एक अशी चढत्या पातळीवर रचली, की समोरून पाहणाऱ्याला चरणारे प्राणी आणि त्यांच्यामागचे सिंह एकाच माळावर असल्यासारखे वाटावेत. व्यापारीच तो, त्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांची जाण होती. गज हटले ते आपल्या नजरेसमोरून, वाघाच्या वाटेतून नव्हेत. (दूरदेशीची माणसेही तो तिकीट लावून दाखवत असे, हे आठवले की कौतुक आवरते घ्यावे लागते.)

तरीही मी त्या खंदकावर सरसकट रागावू शकत नाही. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला की रानटी प्राणी पळ काढतो, आणि प्रत्येक जातीचे हे अंतर वेगळे असते. पिंजऱ्यात मागे सरायला जागाच नसते, त्यामुळे बुजरा प्राणी दिवसभर पळण्याच्या बेतात, पण जागच्या जागी असतो. लहानपणी मी पिंजऱ्यात पाहिलेला वाघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात येरझाऱ्या घालत होता, आणि आम्ही मात्र तो किती छान दिसतो म्हणून खूश होतो. इथल्या वाघाला निदान पाठ फिरवून खडकामागे पडून राहता येते, आणि त्याच्या दिवसात एवढी एक गोष्ट तरी त्याच्या मर्जीची असते.

तो मुलगा कंटाळून गेला. थोड्या वेळाने एक आजी नातवंडांना घेऊन आल्या आणि "वाघ कुठे आहे हो?" असे त्यांनी मला विचारले. मी खडकांच्या सावलीकडे बोट केले आणि अगदी खात्रीने सांगितले, "त्या तिथे, मागच्या बाजूला. झोपलाय."