मागचा टायर घरीच बदलला: बाभळीचा काटा, ठिबकची नळी आणि जिभाऊ

तोरणमाळहून उतरताना सातपायरी घाटातल्या एका वळणावर गाडीचं मागचं चाक हलकंसं लोळल्यासारखं वाटलं. थांबून टायर दाबून पाहिला, हवा निम्म्यावर आलेली. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ. आधी दोनदा एकाच दुकानात पंक्चर काढून घेतलं होतं. मागे बायको बसलेली, मोबाईलला रेंज नाही आणि दुकान थेट खाली. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ होता म्हणून निभावलं. दर वीसेक किलोमीटरला थांबून हवा भरत शहादा गाठलं. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडतानाच मनाशी ठरलं, की यापुढे या गाडीचा टायर मला स्वतःला खोलता आणि बसवता आला पाहिजे.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 मोटारसायकल. पुढचं चाक 21 इंची, मागचं 17 इंची, दोन्ही स्पोकची, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेस टायरला बाहेरून पट्टी मारून पुढे निघता येतं, इथे ती सोय नाही. पंक्चर कुठलंही असो, टायर रिमवरून उतरवावाच लागतो. सातपुड्यात फिरणाऱ्या माणसाला हे काम येत नसेल, तर त्याचं फिरणं दुसऱ्याच्या भरवशावर असतं.

टायरही बदलायला झालाच होता. मधली नक्षी घासून खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत आली होती. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या रेषेत खोबणीत हा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नवा 120/90-17 मागवला. 120 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 90 म्हणजे उंची रुंदीच्या 90 टक्के, 17 म्हणजे रिमचा इंची व्यास. हाती आल्यावर आधी तारखेचा आकडा पाहिला. 4724, म्हणजे 2024 सालचा 47वा आठवडा. चार-पाच वर्षं गोदामात पडून असलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो, त्यामुळे हे चार अंक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवी ट्यूबही घेतली. नव्या टायरमध्ये ताणलेली जुनी ट्यूब घालणं मला पटत नाही.

मे महिना, अमळनेर, सकाळचे सात. अंगणात गोणपाट अंथरलं, त्यावर स्कूटरचा एक टाकाऊ टायर आडवा ठेवला, म्हणजे वर चाक ठेवलं की ब्रेकची डिस्क जमिनीला टेकणार नाही. अवजारं मोजकीच. टायर काढायच्या तीन टाम्या, म्हणजे कड उचकटायच्या चपट्या लोखंडी पट्ट्या, पाने, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, साबणाचं पाणी, टाल्कम पावडर. रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून शेतातून ठिबकची 16 एमएमची जुनी नळी आणली, वीतभर तुकडे केले आणि ते उभे चिरून रिमच्या काठावर बसवले. बाजारात यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, पण आपल्याकडे बांधाला पडलेली ठिबकची नळी ते काम चोख करते.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चेन ढिली केली, ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, काढून चाक बाहेर घेतलं. ॲक्सलवरचे नळीसारखे तुकडे, म्हणजे बुश, कुठले कुठल्या बाजूचे, त्याचा मोबाईलवर फोटो काढला. चाक बाहेर असताना मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय पडू द्यायचा नाही, नाहीतर पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही. एबीएसच्या दातेरी चकतीलाही धक्का लागू दिला नाही.

पिन काढून हवा पूर्ण सोडली. टायरची कड, म्हणजे रिममध्ये बसणारा त्याचा आतला काठ, रिमला अशी चिकटून बसलेली, की वर उभा राहिलो तरी हलेना. शेवटी धाकट्या भावाची मोटारसायकल आणली, तिच्या साइड स्टँडचा पाय रिमला लागून टायरवर टेकवला आणि गाडी हळूच त्या बाजूला कलवली. सगळं वजन तिथे आलं आणि कड सुटली. चाक थोडं फिरवून पुन्हा तसंच, मग उलट्या बाजूने.

पुढे अर्ध्या तासात जुना टायर उतरला. बाहेरून काही दिसत नव्हतं, म्हणून आतून जुनं फडकं फिरवलं. एका जागी धागा अडकला. टॉर्च लावली. वेड्या बाभळीच्या काट्याचं टोक, जेमतेम तीन मिलिमीटर, काळ्या रबरात काळंच होऊन बसलेलं. बोट ठेवलं की टोचायचं, नजरेला दिसायचं नाही. दोनदा ट्यूबला ठिगळ लागलं, पण टायरच्या आतून हात कोणी फिरवला नाही. काटा तिथेच, मग नवं भोकही तिथेच. बायकोला मागे बसवून मी त्या टायरवर तो घाट उतरलो होतो. चिमट्याने ते टोक काढलं आणि कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बघत बसलो.

रिमच्या आतली पट्टी नीट होती, स्पोकचं टोक कुठे वर आलेलं नव्हतं. नव्या टायरच्या बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवला, पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ घेतला, कारण ठिपक्याशी टायर सर्वात हलका असतो आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे येतं. पहिली कड साबणाच्या पाण्याने सहज बसली. ट्यूबला पावडर लावली, गोल आकार येईल इतकीच हवा भरली आणि आत सरकवली. दुसरी कड व्हॉल्व्हपासून सुरू केली. शेवटचा वीतभर भाग समोरच्या बाजूला राहिला आणि तिथे टायर दगडासारखा झाला. दोन टाम्या घालून सगळा जोर लावला. कड बसली. हवा भरली. दहा मिनिटांत टायर मऊ. पुन्हा खोलला, तर नव्याकोऱ्या ट्यूबला टामीचे शेजारी-शेजारी दोन चिमटे.

त्या वेळी समोरच्या घरातले जिभाऊ आले. आयुष्यभर ट्रॅक्टरची चाकं खोललेला माणूस. ट्यूब पाहिली, टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ पह्यले ऊनमा ठेव, नरम व्हई जाई." अकरा वाजले होते, खान्देशातलं मे महिन्याचं ऊन. मी ट्यूबला ठिगळं लावेपर्यंत अर्धा तास टायर तापला आणि सकाळी वाकत नव्हता तो हाताने दबू लागला.

मग त्यांनी जे दाखवलं, ते या सगळ्या कामाचं मर्म आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट चर असतो. टायरची कड काही ताणली जात नाही, तिच्या आत पोलादी तार असते. एका बाजूची कड रिमवरून पलीकडे न्यायची, तर समोरच्या बाजूची कड त्या चरात उतरलेली हवी, तरच या बाजूला सैलपणा मिळतो. व्हॉल्व्हपाशी मात्र चरात ट्यूबची नळी उभी असते, कड तिथे उतरूच शकत नाही. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. मी नेमकं उलटं केलं होतं. "जोर नको लाऊ भाऊ, समोरनी बाजू खाले दाब, बठी जाई," असं म्हणत त्यांनी स्वतःचे दोन्ही गुडघे टायरवर ठेवले. टामी एका वेळी दोन बोटांपेक्षा पुढे सरकवायची नाही, आणि रिमचा काठ ओलांडून खोल घालायची नाही, कारण तिचं टोक आत गेलं की ट्यूबच चिमटते. शेवटच्या घासाआधी व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलला, म्हणजे ट्यूब कडेखाली सापडणार नाही. कड एवढ्या अलगद बसली, की सकाळचा माझा सगळा घाम वाया गेल्यासारखा वाटला.

हवा भरताना टायरच्या कडेची बारीक रेष रिमपासून सगळीकडे सारखी दिसेपर्यंत बघत राहिलो, बोटं लांब ठेवून. मग सगळी हवा सोडून पुन्हा भरली, त्याने आतल्या ट्यूबची सुरकुती निघते. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळला नाही, वर टोपीजवळ ठेवला. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि ते लगेच दिसतं. नट आवळलेला असेल तर ते दिसत नाही, नळी मुळाशी फाटते.

चाक बसवून चेनचा झोल आणि दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या, ॲक्सलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराला, आवळला, आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबलं. ही शेवटची गोष्ट कधी विसरू नका. चाक काढल्यावर पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागेलच असं नाही.

जिभाऊंना जेवायला थांबवलं. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. संध्याकाळी पारोळ्यापर्यंत गाडी हळू नेली, कारण नव्या टायरचा वरचा थर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतो आणि वळणावर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. परत येऊन ॲक्सलचा नट पुन्हा तपासला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावलं. रात्री 32 पीएसआय भरली होती, 32च होती.

काट्याचं ते टोक एका डबीत घालून गाडीच्या अवजारांच्या पिशवीत ठेवलंय. टाम्या, एक जादा ट्यूब आणि ठिबकच्या नळीचे तीन तुकडेही त्याच पिशवीत आहेत. पावसाळा लागला की पुन्हा तोरणमाळला जायचं आहे.