शाळेची सहल: गणपतीपुळ्याआधी मालगुंड

गणपतीपुळ्याला शाळांच्या सहली कमी नाहीत. देऊळ, समुद्र, जेवण, की पोरं परत गाडीत. तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर मालगुंडला कवी केशवसुतांचं घर आहे, तिकडे मात्र फार थोड्या गाड्या वळतात. आम्ही नववीचा वर्ग घेऊन आधी मालगुंडला गेलो, देऊळ मागाहून. हा क्रम मोडू नका. एकदा समुद्र दिसला की मुलं कवितेच्या हाती लागत नाहीत.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली जन्मले ते याच कौलारू घरात. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं कोकण मराठी साहित्य परिषदेनं इथं स्मारक उभारलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांनी त्याचं उद्घाटन केलं. घर लहान, त्यामुळे सगळा वर्ग एकदम आत घालू नका. निम्मी मुलं घरात, निम्मी बाहेर कोरलेल्या कवितांपाशी.

‘सर, ते लिहायचे ती जागा कुठली?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा निघण्याआधी वर्गातच सांगून ठेवा: हे जन्मघर. पुढे मास्तरकीपायी ते फैजपूर, धारवाड असे बाहेरच राहिले आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले, चाळिशीही न गाठता. वडीलही शाळामास्तर होते, हे ऐकून आमच्या मुलांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

वह्या गाडीतच ठेवायला लावा. नाहीतर मुलं फलक उतरवून घेतात आणि घर बघायचं राहून जातं. त्यापेक्षा गटागटाला एकेक कविता द्या आणि बाहेर मोठ्यानं म्हणू द्या. ‘तुतारी’ला आवाज चढतोच. ‘झपूर्झा’चा अर्थ तिथं विचारत बसू नका, नाद कानावर पडला तरी पुष्कळ.

रत्नागिरीहून आरे-वारेचा रस्ता देखणा, पण चढ-वळणांचा. गाडी लागणारी मुलं असतील तर निवळी फाट्यावरून या. शैक्षणिक सहलीला एसटीत निम्म्या भाड्याची सवलत मिळते, आगारात शाळेच्या पत्रासह आधीच अर्ज करा. स्मारकाच्या वेळाही फोन करून विचारा. अंगारकी टाळा, पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि तिथल्या समुद्रात मुलांना उतरू देऊ नका. ओढ फसवी आहे, माणसं बुडालेली आहेत. किनाऱ्यावर उभं राहायचं, शिट्टी वाजली की गाडीत.