दोन नंबरचा रिमोट

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तेव्हा खोक्यातून दोन रिमोट निघाले. खोक्यावर जॉयस्टिक असं छापलं होतं, पण आमच्या आळीत ज्याला बटणं तो रिमोट, असा साधा कायदा होता. एक नंबरचा दादाने उचलला. दोन नंबरचा माझ्या हातात आला आणि पुढची पाच-सहा वर्षं माझ्याच हातात राहिला.

दिसायला दोघं जुळे. करडं प्लास्टिक, डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या खुणेसारखं काळं बटण, उजवीकडे ए आणि बी, त्यांच्या डोक्यावर टर्बो ए आणि टर्बो बी. फरक मधोमध होता. दादाच्या रिमोटवर तिथे रबराची दोन आडवी बटणं होती, सिलेक्ट आणि स्टार्ट. माझ्यावर त्या जागी नुसती सपाट पट्टी. दाबायला काही नाही म्हणून मी तिथे बॉलपेनच्या टोकाने माझं नाव कोरलं होतं.

स्टार्ट नसणं म्हणजे काय हे धाकट्यांनाच कळतं. कुठला गेम लावायचा आणि कधी, हे दादा ठरवणार. त्याला तहान लागली की तो स्टार्ट दाबून माठापर्यंत जाऊन यायचा. तोवर गोळ्या हवेत लटकलेल्या. मला लागली तर "दादा, पॉज कर ना" असं तीनदा म्हणावं लागे, आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत माझा माणूस मेलेला असे. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये ३० जीव मिळवायची ती जगप्रसिद्ध युक्ती, वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए, तीही एक नंबरच्याच रिमोटवरून चालायची. दोघांनी खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावं लागतं. हे सिलेक्ट दाबायला दादा फार वेळा विसरायचा. आणि तिसऱ्या लेव्हलचा धबधबा तर विचारूच नका. तिथे कड्याकड्यांवरून उड्या मारत वर जायचं असतं. पुढचा चढला की पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला, त्याने काही चूक केलेली नसताना, मरतो. दादा माकडासारखा चढायचा.

परवा आई माळा आवरत होती. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात दोन्ही रिमोट निघाले, वायरी त्यांच्याच अंगाला गुंडाळलेल्या. गेमचा डबा कधीच भंगारात गेला होता. माझ्या मुलाकडे आता निन्टेन्डो स्विच हे गेमचं नवं यंत्र आहे, आणि त्यावर जुना कॉन्ट्रासुद्धा मिळतो. मला वाटलं, हे रिमोट त्याला का लावू नयेत?

लावू नयेत याची कारणं मला लहानपणीच कळायला हवी होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाकडे सेगा मेगा ड्राइव्ह नावाचा दुसऱ्या कंपनीचा व्हिडिओ गेम होता. त्याचंही सॉकेट नऊ पिनांचं, आमचंही नऊ पिनांचं. एका दुपारी आम्ही आमचा रिमोट त्याच्या सेगाला लावला. अगदी मापात बसला. आणि काही म्हणजे काही झालं नाही. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, पण नवरा-नवरी एकमेकांशी बोलेनात. यंत्र जळलं नाही हेच नशीब, कारण कुठल्या पिनेवर पाच व्होल्ट येतात तेही दोन्हीकडे वेगळं असतं, हे मला आत्ता कळतंय.

हे नऊ पिनांचं टोक म्हणजे भलतं बहुरूपी प्रकरण आहे. १९७७ च्या अटारी या व्हिडिओ गेमने ते जॉयस्टिकला वापरलं, मग कमोडोर ६४ आणि अमिगा या कॉम्प्युटरांनी, मग सेगाने. अटारीचा हिशेब सगळ्यात सरळ: वर, खाली, डावं, उजवं, फायर, प्रत्येकाला स्वतंत्र तार, बटण दाबलं की ती तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडच्या तारेला, टेकते, बस. सेगाच्या रिमोटवर बटणं आठ आणि त्यांची खबर न्यायला तारा सहा, म्हणून एक जास्तीची तार सारखी विचारत राहते, आता तुम्ही बोला, आता तुम्ही. आणि आमच्या रिमोटमध्ये टोक नऊ पिनांचं असलं तरी आत तारा पाचच. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे कोस तर सोडाच, टोकही बदललेलं नाही.

या पाच तारांचं काम समजायला मला शाळेची हजेरी आठवावी लागली. एक तार विजेची, एक जमिनीची. तिसरी लॅच: बाई वर्गात येऊन टेबलावर पट्टी आपटतात, जो जिथे आहे तो तिथेच थिजतो. चौथी क्लॉक: प्रत्येक ठोक्याला पुढचं नाव. पाचवी डेटा: त्या नावाने दिलेलं उत्तर. क्रम ठरलेला, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ नावं की हजेरी संपली, आणि ही हजेरी सेकंदाला पन्नास-साठ वेळा होते. मूळ रिमोटमध्ये हे काम ४०२१ नावाची एक छोटी चिप करते. आमच्यात तिच्या जागी डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका आहे, त्याच्या पोटात काय असेल ते असो.

म्हणजे मला हवा होता दुभाषा: इकडून हजेरी घेणारा आणि तिकडे स्विचला यूएसबीच्या भाषेत सांगणारा. त्यासाठी आर्डुइनो प्रो मायक्रो नावाची, प्रोग्राम घालता येणारी, अंगठ्याएवढी सर्किटची पाटी मिळते. दोन घेतल्या. टोकं आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. "डीबी-नाइन मेल द्या," म्हटलं. खरं तर या टोकाचं शुद्ध नाव डीई-नाइन आहे, पण ते तिथे कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नव्हते. दुकानदाराने विचारलं, "सीरियल पोर्टला का, ताई?" मी म्हटलं, व्हिडिओ गेमला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि दोनऐवजी चार टोकं पुड्यात टाकली. "जळतात पहिली," म्हणाला.

टोक जळलं नाही, पण पहिली संध्याकाळ वाया गेली. लाल तार विजेची असणार असं मी धरून चालले होते. नव्हती. या नकली रिमोटांत कारखान्यात त्या दिवशी ज्या रंगाची वायर हाताला लागली ती टाकलेली असावी, माझ्या दोन रिमोटांचे रंगसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटी मल्टिमीटर बीपवर लावून एकेक तार मोजत गेले. विजेची आणि जमिनीची सापडली, डेटाची सापडली. उरलेल्या दोन अंदाजाने जोडल्या. लॅपटॉपवर बघते तर ए दाबलं की आठही बटणं दाबलेली दिसायची, आणि बाकी कुठलंही दाबलं तरी सगळं सामसूम. चहा होईपर्यंत विचार केला तेव्हा उजेड पडला: लॅच आणि क्लॉक उलटे झाले होते. बाई नाव पुकारायच्या ऐवजी दर वेळी पट्टीच आपटत होत्या, त्यामुळे पहिल्या बाकावरचा ए-च आठ वेळा हजेरी देत होता. दोन तारा अदलाबदल केल्या आणि वर्ग ताळ्यावर आला.

आता माझ्या रिमोटच्या हजेरीत तिसरं आणि चौथं नाव कायमचं गैरहजर असणार, हे मला माहीत होतं. त्याला कारण आहे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला, तेव्हा त्याच्या दोन नंबरच्या रिमोटवर सिलेक्ट-स्टार्टच्या ऐवजी चक्क एक छोटा मायक्रोफोन होता. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी आल्या त्या याच फॅमिकॉमच्या नकला. नकला करणाऱ्यांनी मायक्रोफोन गाळला, समजू शकते, पैसे वाचवायचे असतील. पण त्याच्यासाठी काढलेली बटणं परत द्यायचं कुणाला सुचलं नाही. अमेरिकेत तेच यंत्र १९८५ मध्ये एनईएस म्हणून गेलं, तेव्हा दोन्ही रिमोट सारखे होते. म्हणजे तिकडच्या धाकट्या बहिणींना स्टार्ट होतं.

बटणं पुसायला म्हणून मी रिमोटचे पाच स्क्रू काढले. आतून रबराच्या टोप्या निघाल्या, बुडाला कार्बनचा काळा ठिपका असलेल्या. बी-च्या टोपीखाली चॉकलेटची चांदी चिकटवलेली होती, ही दादाची जुनी दुरुस्ती. तांब्याच्या खुणा खोडरबराने घासता घासता मधोमध आले आणि हात थांबला. तिथेही दोन खुणा होत्या. एकमेकांत बोटं गुंतवल्यासारख्या तांब्याच्या बारीक रेघा, अगदी दादाच्या रिमोटसारख्या. दोन्ही रिमोटांत पाटी एकच घातलेली होती, फक्त माझ्या प्लास्टिकला भोक नव्हतं.

रिमोट उघडाच ठेवून लॅपटॉपला जोडला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या उजवीकडच्या रेघांवर टेकवलं. पडद्यावर चौथा आकडा बदलला. स्टार्ट हजर. काढलं, गैरहजर. टेकवलं, हजर. मी हे किती वेळा केलं ते सांगत नाही.

ड्रिल काढलं होतं. पण भोक पाडायचं तर नेमकं माझ्या कोरलेल्या नावातून पाडावं लागलं असतं, तेही पहिल्या दोन अक्षरांतून. ड्रिल परत ठेवलं आणि स्टार्ट प्रोग्राममध्ये लिहिलं: खाली, ए आणि बी तिन्ही एकदम दाबले तर तो स्टार्ट. यात एक गोची निघाली. कॉन्ट्रात गोळ्या मारत खालच्या पायरीवर उडी घेताना नेमकी हीच तीन बटणं दाबली जातात, आणि गेम उगाचच थांबायला लागला. मग अर्धा सेकंद दाबून धरलं तरच, अशी अट टाकली. प्रोग्राम सगळा मीच लिहिला असा माझा दावा नाही. हजेरीचा भाग माझा, जेमतेम वीस ओळींचा. स्विच अनोळखी रिमोटला दारातच उभा करतो, त्यामुळे "मी परवाना असलेल्या कंपनीचाच आहे हो" अशी चिठ्ठी दाखवावी लागते. ती चिठ्ठी आधीच्या हौशी लोकांनी लिहून ठेवलेली आहे, मी फक्त पुढे केली. वडिलांची सही दादा हुबेहूब करायचा, त्या मानाने हे सोपं होतं.

गेल्या शनिवारी दादा नाशिकहून आला. जेवणं झाल्यावर टीव्हीसमोर दोन्ही रिमोट ठेवलेले बघून त्याला इतका आनंद झाला की मला जरा वाईटच वाटलं. न विचारता त्याने एक नंबरचा उचलला. मी काही बोलले नाही. स्विचला रिमोटवरचा नंबर कळत नाही, जो आधी जोडला तो पहिला, आणि माझा मी दुपारीच जोडून ठेवला होता.

आई आतल्या खोलीत झोपली होती म्हणून आवाज बंद ठेवला. पहिली लेव्हल गेली, दुसरी गेली. दादाचा अंगठा अजून तसाच चालतो, फक्त चश्मा कपाळावर सरकवावा लागतो. धबधबा आला. दादा चढायला लागला, एक कडा, दुसरा कडा, खालून पडदा माझ्या पायांशी येऊन ठेपला. मी खाली, ए आणि बी दाबून धरलं.

दोघं हवेत थांबले. मी रिमोट सोफ्यावर ठेवला आणि पाणी प्यायला उठले. माठातून भांडं भरून घेत होते तेव्हा बाहेरून दबक्या आवाजात हाक आली, "अगं, हे अडकलं बघ. येताना कॅसेट काढून जरा फुंक मार."