कातळावरच्या बागेत छोट्या ट्रॅक्टरला गवत कापायचं यंत्र निवडताना

साडेसहा एकर, हापूसची कलमं आणि थोडा काजू. अर्धी जमीन सड्यावरची, म्हणजे जेमतेम वीतभर मातीखाली जांभा आणि मधूनमधून डोकी वर काढलेले दगड. ट्रॅक्टर 24 एचपीचा, चारही चाकांना ताकद जाणारा. पाठीवरच्या ग्रासकटरने बेणणी करायला माणसं वेळेवर मिळत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरला यंत्र जोडायचं ठरलं. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती फुटी पाहिजे?" रुंदीचा नंबर खरं तर शेवटी लागतो. त्याआधी जमिनीत दगड किती, कापलेल्या गवताचं करायचं काय आणि ट्रॅक्टरच्या मागे ताकद किती उरते, हे बघावं लागतं.

रोटाव्हेटर घरचाच होता, पण तो बागेत घालायचा नाही हे आधीच पक्कं केलं. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या उतारावर भुसभुशीत केलेली माती पहिल्या चार सरींतच वहाळाला लागते. गवत कापायचं, मुळं मातीत राहू द्यायची.

आडव्या दातेरी पट्टीचं कटर बार ताकद फार कमी खातं. गवत उभंच्या उभं, लांब पडतं, त्यामुळे गुरांसाठी पेंढ्या बांधायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण एक जांभ्याचा खडा पट्टीच्या दोन बोटांमध्ये (पुढे आलेल्या टोकांमध्ये) अडकला की पट्टी वाकते. सपाट, दगड वेचलेल्या जमिनीवाल्यांनी जरूर बघावं. मी सोडून दिलं.

उरले दोन: स्लॅशर आणि मल्चर. स्लॅशरमध्ये मधोमध एक गिअरबॉक्स, खाली आडवी फिरणारी दोन किंवा तीन पाती. किंमत कमी, रचना साधी, बिघडलं तर गावातला वेल्डरही दुरुस्त करतो. पाती बोल्टवर सैल असतात, दगडाला लागली की मागे वळतात. दुखणं वेगळंच आहे. चार फुटी स्लॅशरचं पातं मध्यापासून साधारण 60 सेंटिमीटर लांब पोचतं. ते मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर टोकाचा वेग तासाला सव्वादोनशे किलोमीटर होतो. त्याला लागलेला दगड त्याच ताकदीने बाहेर येतो. मागे साखळ्यांचा पडदा असला तरी बाजूने सुटतोच, आणि बागेत गडी काम करत असताना हे परवडत नाही. शिवाय कापलेलं गवत एका बाजूला ढिगाऱ्याने पडतं. दिवाळीनंतर ते वाळतं आणि वणव्याला आयतं सरपण होतं.

मल्चरमध्ये आडवा रोटर आणि त्यावर लोंबणारे हातोडे किंवा वाय आकाराची पाती. टोकाचा वेग तासाला दीडशे किलोमीटरच्या आसपास, हूड (रोटरवरचं पत्र्याचं झाकण) जमिनीलगत, मागे रोलर. दगड उडतो, पण बहुतेक वेळा हूडलाच आपटून खाली पडतो. गवताचा बारीक चुरा होऊन सारखा पसरतो. चुराही वाळून जळतोच, पण आग जमिनीलगत राहते, फांदीपर्यंत चढत नाही. काजूवाल्यांना आणखी एक फायदा आहे. ऑक्टोबरअखेर चुरा केला तर बी वेचायच्या दिवसांपर्यंत तो दबून बसतो आणि खाली पडलेली बी डोळ्याला दिसते. वाय पाती नुसत्या गवताला छान आणि ताकदही कमी घेतात. आमच्याकडे रानमोडी आणि घाणेरीची झुडपं आणि दगड असे तिन्ही, म्हणून हातोडेच घेतले.

आता रुंदी. इंजिन 24 एचपीचं असलं तरी पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा शाफ्ट) 20 च्या आसपासच मिळतात, आणि हिशोब पीटीओच्या आकड्यावर करायचा. मल्चरला फुटाला निदान पाच एचपी धरावी, दाट ओल्या गवतात सहा-सात. म्हणजे चार फूट ही माझी वरची हद्द. खालची हद्द ट्रॅक्टर ठरवतो: मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप लावली, 108 सेंटिमीटर भरले. यंत्र याहून अरुंद असेल तर चाकाखाली दबलेलं गवत न कापताच राहतं. म्हणून 120 सेंटिमीटर, आणि बाजूला सरकणारी फ्रेम. सरकणाऱ्या फ्रेमचे पैसे अजिबात वाचवू नयेत. यंत्र 20-25 सेंटिमीटर बाहेर काढलं की ट्रॅक्टर फांद्यांबाहेर राहतो आणि हातोडे आळ्याच्या कडेपर्यंत पोचतात.

कामाचा वेग आधीच काढून ठेवला. 120 पैकी 10 सेंटिमीटर दोन पट्ट्यांच्या जोडात जातात. ताशी अडीच किलोमीटरने 110 सेंटिमीटरची पट्टी म्हणजे 2750 चौरस मीटर. वळणं, झाडं, थांबणं यात चौथा हिस्सा गेला की तासाला अर्धा एकर उरतो. आठ तासांत चार एकर, याहून जास्त कोणी सांगितलं तर ते सपाट माळावरचं.

यंत्राचं वजन 240 किलो. लिफ्टची (यंत्र उचलणाऱ्या मागच्या हातांची) क्षमता 750 किलो लिहिलेली असते म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण अडचण पुढच्या चाकांची असते. वजनकाट्यावर नुसती पुढची चाकं घेतली: एरवी 320 किलो, यंत्र वर उचलल्यावर 150. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहायला हवा. माझा ट्रॅक्टर 800 किलोचा, म्हणजे 160 हवेत. पुढे 20-20 किलोची दोन वजनं लावल्यावर आकडा 200 वर गेला. चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की वजन कमी आहे असं समजा.

जोडणीच्या पिना दुकानातच मोजाव्यात. कॅटेगरी 1 ला (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीचं ठरलेलं माप) खालच्या लिंकची, म्हणजे यंत्र धरणाऱ्या खालच्या दांड्यांची पिन 22 मिलिमीटरची, टॉप लिंकची 19 ची. काही मिनी ट्रॅक्टरना अरुंद प्रकार असतो, त्यात दोन खालच्या लिंकमधलं अंतर 68 ऐवजी 40 सेंटिमीटर. पीटीओचे आरपीएम (मिनिटाला फेरे) सुद्धा तपासा. यंत्र 540 चं आणि ट्रॅक्टरला दोन वेग असतील तर लिव्हर चुकीच्या खाचेत गेल्यावर गिअरबॉक्स आणि बेअरिंग दोन्हींचा निकाल लागतो. मी मीटरवर 540 च्या जागी रंगाने खूण केली आहे.

एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत: गिअरबॉक्समध्ये फ्रीव्हील (इंजिनाची ओढ थांबली तरी रोटरला सुटा फिरू देणारी रचना) आहे का? नसेल तर क्लच दाबल्यावरही फिरता रोटर उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. उतारावर, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला हे जीवघेणं आहे. तपासणी सोपी: यंत्र सुटं असताना इनपुट शाफ्ट हाताने धरून रोटर कामाच्या दिशेने फिरवून बघायचा. शाफ्टला ओढ न लागता तो सुटा फिरला पाहिजे. फ्रीव्हील नसेल तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच लावता येतो, मात्र त्याने शाफ्टची लांबी वाढते आणि पुढचा हिशोब बदलतो.

तो हिशोब म्हणजे ट्रॅक्टर आणि यंत्र जोडणारा शाफ्ट मापात कापणं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नवा शाफ्ट बहुधा लांब येतो. तसाच लावला तर यंत्र वर-खाली होताना तो दोन्ही टोकांना दाबतो आणि आधी सील, मग बेअरिंग जातं. यंत्र जोडा, पीटीओ बंद ठेवून लिफ्ट सावकाश वर-खाली करून ट्रॅक्टरचा पीटीओ आणि यंत्राचा इनपुट शाफ्ट यांमधलं अंतर सर्वात कमी कुठे होतं ते शोधा. त्या जागी इंजिन बंद करून शाफ्टचे दोन भाग शेजारी-शेजारी धरून खूण करा. पूर्ण दाबल्यावर अडीच-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत आणि सर्वात लांब स्थितीत नळीचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत असला पाहिजे. आतली नळी, बाहेरची नळी, दोन्ही प्लास्टिक कव्हरं, सगळं सारख्याच मापाने कापायचं. कडा कानशीने घासून, आत ग्रीस लावून मग जोडायचं. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत नसतील तर शाफ्ट थरथरतो.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं संकेतस्थळ) अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नका. आधी घेतलेलं यंत्र बाद होतं. कोटेशनमध्ये जीएसटी 5 टक्केच आहे ना बघा. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी तो 12 होता आणि जुने छापील दर अजून फिरत असतात.

यंत्र आलं त्या दिवशी गिअरबॉक्सचं लेव्हल बोल्ट उघडलं तर आत तेलाचा थेंबही नव्हता. नवी यंत्रं वाहतुकीत सांडू नये म्हणून अशीच पाठवतात आणि जोडून देणारा सांगायला विसरतो. 90 नंबरचं गिअर ऑईल त्या बोल्टच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. चार-पाच तास चालल्यावर रोटर फिरवणारे बेल्ट पुन्हा ताणावे लागतात. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर जायला हवेत. रोलर उंची ठरवणाऱ्या भोकांपैकी अशा भोकात ठेवला की हातोडे जमिनीपासून 6-7 सेंटिमीटर वर राहतील. कातळावर याहून खाली जाण्यात काही मिळत नाही.

हातोड्यांबाबत आळस चालत नाही. एकेक अर्धा किलोचा. मध्यापासून 16 सेंटिमीटरवर, 2000 आरपीएमला तो आपल्या बोल्टला साडेतीनशे किलोच्या ओढीने खेचतो. दगडाला लागून त्याचा 50 ग्रॅमचा टवका उडाला तर फेऱ्यागणिक 35 किलोचा हादरा, सेकंदाला 33 वेळा. बेअरिंग यानेच जातात. म्हणून एक बदलला की त्याच्या समोरचाही बदलायचा आणि दोन्ही किराणा काट्यावर तोलून घ्यायचे, 10 ग्रॅमच्या आत जुळले पाहिजेत. बोल्ट 16 चा, पाना 24 चा, नट नायलॉनचा आणि दरवेळी नवा. आतली बुशिंग झिजून बोल्ट हलत असेल तर तीही बदला. इंजिन बंद, किल्ली खिशात आणि हूडखाली दोन लाकडी ठोकळे, त्याशिवाय हात घालायचा नाही. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर तर नाहीच.

चालवताना उताराला आडवं जाऊ नका, वर-खालीच जा. गडग्यापासून मीटरभर जागा सोडा, ती हाताने बेणायची. वळताना पीटीओ बंद करून मग लिफ्ट पूर्ण उचला. फिरता शाफ्ट तिरका झाला की त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. पहिली फेरी जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल (मोहोर यावा म्हणून बुंध्याशी घालायचं औषध) घालायच्या वेळी बुंधे मोकळे असतात. दुसरी पाऊस ओसरल्यावर, गवताला बी धरायच्या आत. पाच फुटांवर वाढलेलं गवत एका दमात कापू नका. आधी रोलर खाली सरकवून उंचावर कापा, मग दुसऱ्या दिवशी नेहमीच्या उंचीला.

हंगाम संपला की हूडच्या आतला चिकटलेला लगदा खरवडून काढा, नाहीतर पुढच्या पावसापर्यंत त्याखालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटतात. बेल्ट सैल करून ठेवा. बेल्टचा एक जादा जोड, चार हातोडे, आठ नट आणि रोटरचं एक बेअरिंग पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं बरं. पोत्यात ठेवलेले बेल्ट आमच्याकडे उंदरांनी खाल्ले.